ओटीतलं लेकरू

‘‘तिच्या पोटाले खरंच खिसा रायते का वं? अन् लेकरू त्यात बसून रायते?’’

ऑस्ट्रेलियाला निघायच्या आदल्या रात्री माझी बॅग भरणं चाललं होतं. लेकीचा बाळंतविडा, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, झबली-टोपडी. पलंगावर बसून सासूबाई एकेक दुपटं घडी करून देत होत्या. वय वर्षं ८४. पांढरकवड्याच्या बाहेर त्यांचा प्रवास फार तर माहूरच्या रेणुकामातेपर्यंत. पण नातीच्या देशात कांगारू नावाचं जनावर असतं, हे त्यांना पणतवंडांनी टीव्हीवर दाखवलेलं.

मी म्हटलं, ‘‘आई, चित्रात तर तसंच दिसतं.’’

‘‘चित्रातलं नोको सांगू. सोता पाहून येजो अन् मंग सांगजो.’’

मैत्रिणींनो, मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा ‘के फॉर कांगारू’ म्हणून शेकडो मुलांकडून घोकून घेतलं. पण त्या पिशवीत नेमकं काय असतं, लेकरू तिथं कसं जातं, पडत कसं नाही, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी स्वतःला विचारलं नाही. जे शाळेतल्या मुलांनी विचारलं नाही ते अंगठा लावणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

बाळ लवकर आलं

गेल्या वर्षी मे महिन्यात मी मेलबर्नला पोचले. लेकीची तारीख जुलैच्या मध्याची होती. पण जूनच्या पहिल्याच आठवड्यात पोटात दुखायला लागलं आणि नात सहा आठवडे आधीच आली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. आपल्याकडे उन्हाळा संपून पावसाची वाट बघतात तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी असते. माझा जीव खालीवर.

दुसऱ्या दिवशी मला आत जाऊ दिलं. बघते तर काय, नर्सबाईंनी लेकीचा गाऊन पुढून उघडला आणि ते एवढंसं बाळ, अंगावर फक्त लंगोट आणि डोक्याला टोपी, सरळ तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वरून एक ऊबदार चादर. बस्स. मी घाईघाईनं पिशवीतून झबलं काढलं. म्हटलं, ‘‘अगं, कपडे तरी घाला. गारठेल ना!’’

नर्स हसली. लेक म्हणाली, ‘‘आई, असंच ठेवायचं असतं. याला कांगारू केअर म्हणतात.’’

संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या जावयांनीही शर्ट काढून बाळाला छातीशी घेतलं. मी लाजून बाहेर जाऊन बसले. पण बाहेर बसून माझ्या डोळ्यांसमोर मेलबर्न नव्हतं. १९८९ चा जानेवारी होता, आणि पांढरकवड्याचं आमचं जुनं मातीचं घर होतं.

ते मी पुढे सांगेन. आधी कांगारू.

हिल्सव्हिलच्या झाडाखाली

बाळ चार महिन्यांचं झालं, वजन चांगलं भरलं, तेव्हा ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही हिल्सव्हिलला निघालो. मेलबर्नहून साधारण ६५ किलोमीटर. यारा नदीचं खोरं, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, मागे निळसर डोंगर. आपल्याकडे दसरा-दिवाळीचे दिवस, तिकडे वसंत ऋतू. हवेत निलगिरीचा वास भरून राहिलेला. सर्दी झाल्यावर रुमालाला लावतो तोच वास, पण इथं अख्ख्या रानाचा.

हिल्सव्हिल सँक्च्युअरी म्हणजे नुसतं प्राणिसंग्रहालय नाही. कॉलिन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात इथं ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांच्या अभ्यासासाठी जागा घेतली आणि १९३४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. त्याआधी ही जमीन कोरँडर्क या आदिवासी वसाहतीची होती. १८६३ पासून तिथले मूळ रहिवासी इथं राहात, शेती करत. ती वसाहत पुढे सरकारनं बंद केली. हे वाचताना मला आपल्या भागातले कोलाम आणि गोंड आठवले. रान ज्यांचं, त्यांचं नाव पाटीवर उरतं.

‘कांगारू’ हा शब्दही त्या मूळ लोकांचाच. लहानपणी मी एक गोष्ट ऐकली होती आणि शाळेत सांगितलीही होती, की गोऱ्या साहेबानं विचारलं, ‘हा प्राणी कोणता?’ आणि आदिवासी म्हणाला, ‘कांगारू’, म्हणजे ‘मला ठाऊक नाही’. ही गोष्ट खोटी आहे. १७७० मध्ये कॅप्टन कुकची माणसं किनाऱ्यावर उतरली, तिथल्या गुगू यिमिदिर भाषेत एका जातीच्या कांगारूला ‘गंगुरू’ म्हणतात. त्यांनी बरोबरच नाव सांगितलं होतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी हे वाचलं तर बाईंना माफ करावं.

करड्या कांगारूंच्या वाडग्यात शिरताना लेकीनं बजावलं, ‘‘आई, पायवाट सोडायची नाही. आपण त्यांच्या अंगावर जायचं नाही. त्यांना वाटलं तर ते जवळ येतील.’’

आणि खरंच आली एक. मी बाकावर बसले होते, मांडीवर नात. समोरच्या झाडाच्या सावलीत ती मादी आरामात पडली होती. उठली, पुढचे दोन हात आणि शेपूट जमिनीला टेकवत, म्हाताऱ्या माणसानं काठी टेकत चालावं तशी हळूहळू चरत चरत आली. उड्या नंतर बघितल्या. आधी बघितलं ते हे काठी टेकणं. माझ्यापासून दोन-तीन हातांवर थांबली. लांब पापण्या, ओलं नाक, कान सारखे इकडेतिकडे फिरणारे. पोटाशी एक मोठा फुगा आलेला. आणि त्या फुग्यातून एक बारीक, काळपट पाय बाहेर लोंबत होता!

मी लेकीला हात केला. तेवढ्यात पाय आत गेला, काहीतरी आतल्या आत गरकन फिरलं आणि दोन कान व दोन डोळे बाहेर आले. आई चरत होती. पिल्लानंही पिशवीतूनच मान खाली करून समोरचं एक पातं ओढलं आणि चघळायला लागलं. आईच्या मांडीवर बसून ताटातला भाताचा घास उचलणारं आपलं लेकरू, दुसरं काय!

माझ्या मांडीवरची नात त्याच्याकडे टक लावून बघत होती. तेही हिच्याकडे. दोन आया मात्र आपापल्या कामात.

दोनदा जन्म

तिथं देखभाल करणारी एक मुलगी होती. तिला लोक प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती. लेक मला मराठीत सांगत होती. घरी आल्यावर मी लेकीकडून आणखी वाचून घेतलं. सासूबाईंना सांगायचं होतं ना!

अशा प्राण्यांना आपल्या मराठीत ‘शिशुधान प्राणी’ म्हणतात, आणि पिशवीला ‘शिशुधानी’. शब्द जड आहे, पण अर्थ गोड. लेकरू ठेवायची जागा. भारतात हे प्राणी रानात कुठेच नाहीत. (२०२२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सिलिगुडीकडे रस्त्यावर कांगारू सापडले होते, ते चोरट्या व्यापारातले होते. बिचारे अर्धपोटी, घाबरलेले.)

लाल कांगारूच्या मादीचं गरोदरपण किती दिवसांचं? फक्त ३३ दिवस. सव्वा महिनासुद्धा नाही. जन्मतं ते बाळ राजम्याच्या दाण्याएवढं. वजन एक ग्रॅमही नाही, म्हणजे आपल्या तुरीचे आठ-दहा दाणे. डोळे बंद, कान बंद, मागचे पाय धड तयार नाहीत. अंगावर केस नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर साफ कच्चं.

पण पुढचे दोन हात मात्र तयार असतात. त्या हातांनी ते आईच्या पोटावरची लव धरत धरत, एकटं, काही मिनिटांत पिशवीपर्यंत चढतं. आई त्याला उचलून ठेवत नाही. आधी पिशवी चाटून स्वच्छ करून ठेवते, आणि मागे टेकून बसते. आत गेल्यावर बाळ चारांपैकी एक स्तनाग्र तोंडात घेतं. ते तोंडात फुगतं आणि बाळ तिथं जणू अडकूनच राहतं. म्हणून आई उड्या मारत पळाली तरी ते पडत नाही. शिवाय पिशवीच्या तोंडाशी स्नायू असतात. बटव्याची नाडी ओढावी तशी आई पिशवी आवळू शकते. सासूबाईंच्या ‘पडत नाही का?’ या प्रश्नाचं हे उत्तर.

मग महिनोन्‌महिने ते आतच वाढतं. लाल कांगारूचं पिल्लू सुमारे आठ महिन्यांनी पिशवी कायमची सोडतं, करड्याला अकरा महिन्यांपर्यंत लागतात. म्हणजे खरं पोटातलं वाढणं सगळं बाहेर आल्यावर. एक जन्म आईच्या पोटातून, दुसरा आईच्या पिशवीतून.

मधल्या काळात पिल्लू बाहेर येतं, हुंदडतं, कावळ्याच्या आवाजानंही दचकतं आणि डोकं आधी घालून, कोलांटी घेत परत आत. आम्ही एक बघितलं तसं. आत गेल्यावर त्याचे लांब पाय बाहेरच राहिले. सगळे हसले. आई जागची हलली नाही.

आणि आता ऐका, मला सगळ्यात नवल वाटलं ते. थोरलं पिल्लू पिशवीबाहेर पडलेलं, पण अजून अंगावर पिणारं, आणि धाकटं नुकतं आत आलेलं, अशी दोन लेकरं एकाच वेळी कांगारूच्या आईला असतात. तेव्हा ती दोघांना दोन वेगळ्या स्तनांतून दोन वेगळी दुधं देते. धाकट्याला पातळ, थोरल्याला भरपूर स्निग्ध. ज्याला जे पचेल ते! लाल कांगारूत तर यापुढचं तिसरं बाळही पोटात बीजरूपानं थांबून राहतं. आत जागा झाली की मग वाढायला लागतं. दुष्काळ फारच पडला, चारा-पाणी आटलं, तर ती पुढची बाळंतपणंच थांबवते. दुष्काळ काय असतो हे आपल्या जिल्ह्यातल्या बायांना वेगळं सांगायला नको.

प्रत्येक आईची पिशवी वेगळी

मला वाटायचं, पिशवी म्हणजे कांगारूच. तसं नाही. पुढं वॉम्बॅट बघितला. गुबगुबीत, बसक्या अंगाचा, छोट्या डुकराएवढा. जमिनीत बीळ करून राहतो. त्याच्या मादीची पिशवी उलट्या दिशेनं, म्हणजे मागच्या बाजूला उघडते. का? तर ती पुढच्या पायांनी माती उकरते, ती पिशवीत जाऊन बाळाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. (हा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. अगदी फाशासारख्या! हे सांगितल्यावर आमच्याकडच्या मुलांनी कांगारू सोडून हेच धरून ठेवलं.)

कोआला उंच निलगिरीच्या बेचक्यात गाढ झोपलेला. दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो म्हणे. लेकीला म्हटलं, ‘‘तुझे बाबा रिटायर झाल्यापासून...’’ ती म्हणाली, ‘‘आई, पुरे.’’ पण त्याच्या झोपेला कारण आहे. निलगिरीच्या पाल्यात कस कमी आणि विष जास्त. तो पचवण्यातच सगळी शक्ती जाते. आपल्याकडेही बांधावर निलगिरी आहे, पण शेळी तिला तोंड लावत नाही, ते उगाच नाही. मग कोआलाच्या बाळाला हा पाला पचतो कसा? तर पिशवीतून बाहेर येण्याच्या सुमारास आई त्याला आपल्या शेणासारखा एक मऊ पदार्थ चाटू देते. त्यातून पचनाला लागणारे सूक्ष्म जंतू बाळाच्या पोटात जातात. ऐकायला कसंसं वाटतं खरं. पण घुटी उगाळून चाटवणाऱ्या आपण, आपल्याला त्यातला भाव कळतो. खाणं बदलायच्या आधी आई पोट तयार करून देते.

‘‘याला कडेवर घेऊन फोटो काढता येतो ना?’’ मी विचारलं. सिनेमात बघितलं होतं. तर व्हिक्टोरिया राज्यात कोआलाला असं उचलून घ्यायला बंदीच आहे. ब्रिस्बेनजवळचं लोन पाइन अभयारण्य १९२७ पासूनचं, कोआलाला कडेवर घेण्यासाठी जगभर प्रसिद्ध. त्यांनीही २०२४ च्या जुलैपासून ते बंद केलं. बघा, पण धरू नका. मला ते पटलं. झोपलेल्या बाळाला पाहुण्यांसाठी उठवणाऱ्या बायका मला कधीच आवडल्या नाहीत!

टास्मानियन डेव्हिल नावाचा काळा, चिडका, कुत्र्याच्या पिल्लाएवढा प्राणी बघितला. त्याची गोष्ट मात्र मनाला लागली. मादी एका वेळी वीस-तीस बाळांना जन्म देते, पण पिशवीत स्तनाग्रं फक्त चार. पहिली चार पोचतील ती जगतील. वर १९९६ पासून त्यांच्यात तोंडाच्या गाठीचा एक संसर्गजन्य कर्करोग पसरला आणि रानातले बहुतेक गेले. म्हणून हिल्सव्हिलसारख्या ठिकाणी निरोगी जोड्या सांभाळून वंश राखला जातो. आपण बियाण्यासाठी चांगली कणसं वेगळी बांधून ठेवतो ना, तसं.

शिवलेल्या पिशव्या

या अभयारण्यात प्राण्यांचा दवाखाना आहे आणि काचेतून आतलं काम बघता येतं. जखमी पक्षी, रस्त्यावर धडकलेली जनावरं तिथं आणतात. ऑस्ट्रेलियात रस्त्यावर गाडीखाली कांगारू मरणं रोजचंच. लेकीनं सांगितलं, ‘‘आई, इथं मेलेली मादी दिसली तर लोक थांबून तिची पिशवी तपासतात. आई गेलेली असली तरी बाळ आत जिवंत असू शकतं.’’

मग त्या बाळाला काय करायचं? त्याला कापडी पिशवीत ठेवतात. तीही अंगाशी धरून, नाहीतर ऊबेत टांगून. २०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाची रानं महिनोन्‌महिने जळत होती. सुमारे ३०० कोटी प्राण्यांना त्या वणव्यांची झळ बसली असा अंदाज आहे. तेव्हा अनाथ पिल्लांसाठी पिशव्या हव्यात असं आवाहन झालं आणि देशोदेशीच्या बायका शिवणयंत्रांवर बसल्या. इतक्या पिशव्या आल्या की शेवटी ‘आता पुरे’ म्हणावं लागलं! त्या शिवायचे नियमही होते. आतलं अस्तर मऊ सुती हवं, शिवण बाहेरून हवी, म्हणजे नखं दोऱ्यात अडकत नाहीत. मी लगेच लेकीला म्हटलं, ‘‘झबल्याची शिवण बाहेर ठेवते म्हणून तू मला हसली होतीस!’’ तान्ह्या बाळाचं पहिलं झबलं उलट्या शिवणीचं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं होतं?

काचेसमोर उभी असताना मला आमचं टिपेश्वर आठवलं. १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, आमच्या पांढरकवड्याच्या उशाशी. आणि आठवली ती वाघीण, जिला कुणी टी-१ म्हणालं, कुणी अवनी. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. वेचणीच्या दिवसांत बाया शेतात जायला घाबरत होत्या, ते मी डोळ्यांनी बघितलंय. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली. मागे राहिले तिचे सुमारे दहा महिन्यांचे दोन बछडे. शहरातली माणसं टीव्हीवर भांडत होती. आमच्या आळीतल्या बाया मात्र एकाच श्वासात दोन वाक्यं बोलायच्या. ‘‘सुटलो बापा एकदाचे.’’ आणि ‘‘पन त्याईच्या लेकरायचं आता कसं वं?’’ दोन्ही खरी होती.

१९८९ चा जानेवारी

आता ते राहिलेलं सांगते.

माझी ही लेक सातव्या महिन्यात झाली. वजन एक किलो सहाशे. ज्या दवाखान्यात झाली तिथं सांगितलं, ‘‘हिला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, नागपूरला न्या. इथं सोय नाही.’’ रात्रीची वेळ, हाडं गोठवणारी थंडी, गाडी मिळेना, घरात रोकड नाही. यजमान गाडीच्या शोधात गेले ते पहाटेपर्यंत आले नाहीत. पोरीचे हातपाय गार पडायला लागले.

सासूबाईंनी काही विचारलं नाही. चोळीची गाठ सोडली, पोरीला उघडीच छातीशी लावली, वरून लुगड्याचा पदर दोन फेर गुंडाळला आणि घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसल्या. मी थोडं थोडं दूध वाटीत काढायचे, त्या चमच्यानं थेंब थेंब पाजायच्या. सकाळी गाडी मिळाली तोवर पोर ऊबेत होती आणि ओठ हलवत होती. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, ‘‘प्रवासात जास्त धोका. हेच चालू ठेवा, मी रोज येऊन बघतो.’’ पुढचा सव्वा महिना सासूबाई आणि मी पाळीपाळीनं तिला छातीशी बांधून बसलो. त्या उठल्या की मी, मी उठले की त्या.

पोर जगली. इंजिनिअर झाली. मेलबर्नला गेली.

आणि मी? मी शिकलेली, मास्तरीण. लोक विचारायचे, ‘इतकी लहान पोर कशी वाचली?’ मी म्हणायचे, ‘देवाची कृपा.’ सासूबाईंचं ते उघडं छातीशी धरणं मला अडाणीपणाचं वाटायचं. सांगायची लाज वाटायची. पस्तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

मेलबर्नच्या दवाखान्यात कळलं की याला नाव आहे, शास्त्र आहे. १९७८ मध्ये कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. तिथल्या डॉ. एडगर रे यांना कांगारूवरून सुचलं, की आईलाच पेटी करू या. २०२१ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. भारतासह पाच देशांतली तीन हजारांवर कमी वजनाची बाळं त्यात होती. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशानं कमी झालं. त्यातला भारतातला दवाखाना दिल्लीचा सफदरजंग. आपल्या सरकारनंही २०१४ मध्येच याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

मी हे दवाखान्याला पर्याय म्हणून सांगत नाही, मैत्रिणींनो. ती रात्र आठवली की आजही माझ्या पोटात गोळा येतो. आमची पोर वाचली, पण त्या काळात कितीतरी वाचल्या नाहीत. अशा बाळाला दवाखाना हवाच. मी एवढंच म्हणते की दवाखान्यातसुद्धा आईची कूस हवी.

वेचणीची ओटी

नोव्हेंबरात मी परत आले. कापसाची वेचणी सुरू झाली होती. पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर बसून सासूबाईंना सगळं सांगितलं. राजम्याचा दाणा, पिशवीची नाडी, दोन दुधं, उलटी पिशवी, सगळं. रस्त्यानं बाया शेतातून परतत होत्या, पोटाशी लुगड्याची ओटी अजून तशीच खोचलेली.

सासूबाईंनी तिकडे बोट केलं. ‘‘म्हंजे वेचनीची ओटीच म्हन ना!’’

मी बघतच राहिले. पोटाशी बांधलेला झोळ, त्यात मऊ पांढरं सोनं. खरंच की! आपण पोटाच्या त्या भागाला ओटीपोट म्हणतो, लेकीची ओटी भरतो. शिशुधानी शब्द कशाला हवा होता? आपल्याकडे तो होताच.

मग मी धीर करून म्हटलं, ‘‘आई, हिचं बाळ दवाखान्यात तसंच छातीशी ठेवलं होतं. तुम्ही हिला ठेवलं होतं तसं. मोठे मोठे डॉक्टर आता तेच सांगतात. मी तुम्हाला कधी बोलले नाही. माझी पोर तुमच्यामुळे आहे.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुपट्याची घडी करावी तसा मांडीवरचा पदर सारखा केला.

‘‘मले का माईत तुमचा कांगारू-फांगारू. शेळीचं पिल्लू गारठलं की छातीशी घेतो, तसं घेतलं. पोट्टी थंडी पडत होती.’’

थोडा वेळ दोघी गप्प. मग त्यांनीच विचारलं, ‘‘अन् मोठं झाल्यावर काय करते ते पिल्लू?’’

मला २०१९ सालचा टिपेश्वरचा तो तरुण वाघ आठवला. गळ्यात रेडिओचा पट्टा घालून निघाला, शेतं, नदी-नाले, महामार्ग ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, आणि एकूण तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. लेकरं जातातच.

मी सांगितलं, ‘‘धाकटं व्हायची वेळ आली की आई थोरल्याला पिशवीत येऊ देत नाही. पिशवी आवळून घेते. पण ते बाहेर उभं राहून नुसतं डोकं आत घालून दूध पितं. तेवढं करू देते, पुढे कितीतरी महिने.’’

सासूबाईंनी मान हलवली. ‘‘बरोबर हाय तिचं. डोकं घालू द्या लागते.’’

मग दाराबाहेर बघत म्हणाल्या, ‘‘पोट्टी केव्हा येते माहेरी?’’


चौकट : बाळ कमी वजनाचं असेल तर

– अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण न होता जन्मलेल्या बाळासाठी ‘कांगारू मदर केअर’ कसं द्यायचं, हे डॉक्टर किंवा नर्सला आवर्जून विचारा. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असतात.

– बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी, मोजे. ते आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे, उभं ठेवायचं. मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं. वरून सुती कापडानं बांधून ऊबदार पांघरूण.

– एका वेळी निदान तासभर. दिवसातून जितके जास्त तास जमेल तितकं चांगलं.

– आई थकली किंवा आजारी असली तर बाबा, आजी, मावशी, कुणीही निरोगी, स्वच्छ माणूस बाळाला असं धरू शकतं.

– दूध फक्त आईचं. बाळाला ओढता येत नसेल तर काढून वाटी-चमच्यानं, दवाखान्यात शिकवतील तसं.

– अशा बाळाला लगेच आंघोळ घालू नका.

– बाळ दूध घेईनासं झालं, गार पडलं, अंग तापलं, निळसर दिसलं, सुस्त पडलं किंवा श्वास भरभर घेऊ लागलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा. जातानाही बाळ छातीशीच ठेवा. गावातल्या आशाताईंना कळवा, १०८ ला फोन करा.